टाळू झाका, चटका बसण्याआधी : भंडारा जिल्ह्यातील सर्वांना कळकळीचे आवाहन

भंडारा, तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर आणि पवनी या सातही तालुक्यांतील बंधू-भगिनींनो,

नवतपा तोंडावर आला आहे. पाणी प्या, ताक-पन्हे घ्या, दुपारी बाहेर पडू नका, या सूचना आपण दर उन्हाळ्यात ऐकतो आणि त्या योग्यच आहेत. पण त्यांत एका गोष्टीचा उल्लेख क्वचितच होतो. ज्यांच्या डोक्यावर केस नाहीत, त्यांची टाळू या दिवसांत अक्षरशः भाजते. टक्कल पडलेले वडीलधारे, नुकतेच मुंडण झालेले पुरुष, जाऊळ काढलेली लेकरे, केमोथेरपीने केस गेलेले रुग्ण अशी माणसे आपल्या प्रत्येक गावात आहेत. त्यांच्यासाठी हे आवाहन आहे, आणि त्यांच्या घरच्यांसाठीही, कारण स्वतःची टाळू कोणालाच दिसत नाही.

भंडाऱ्याच्या उन्हाबद्दल एक गोष्ट आधी समजून घेऊ. आपला जिल्हा उत्तर अक्षांशाच्या साधारण २१ अंशांवर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, ऐन नवतप्यात, सूर्य आपल्या बरोबर माथ्यावर येतो. त्या दिवशी दुपारी १२ वाजून गेल्यावर काही मिनिटांनी उभ्या खांबाची सावली त्याच्या पायाशीच विरते. चेहऱ्यावर आणि छातीवर ऊन तिरपे पडते, टाळूवर मात्र ते सरळ उतरते. केस असले तर ते बराचसा मारा अडवतात. केस नसले तर कातडीला आडोसाच उरत नाही. मध्य भारतात एप्रिल-मे महिन्यांतल्या निरभ्र दुपारी अतिनील किरणांचा निर्देशांक ११ च्या पुढे जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीत ही सर्वांत वरची, अतितीव्र पायरी आहे. निर्देशांक ३ झाला की संरक्षण घ्यावे, असे हीच मोजपट्टी सांगते.

कातडी जाळणारे हे अतिनील किरण अंगाला जाणवत नाहीत. आपल्याला जाणवते ती उन्हाची उष्णता, आणि ती वेगळी गोष्ट आहे. वारा सुटला, ढग आले, मोटारसायकलवर गार वाटले, तरी टाळू भाजतच असते. लाली आणि आग काही तासांनी सुरू होते आणि साधारण १२ ते २४ तासांत सर्वांत जास्त वाढते. म्हणजे दुपारी बसलेला चटका रात्री उशीला डोके टेकवल्यावर कळतो. तोवर करण्यासारखे बरेच काही हातचे निघून गेलेले असते. चटका जाणवला की डोके झाकू, असे म्हणणाऱ्याचे डोके भाजणारच. म्हणून झाकायचे ते वेळ पाहून.

त्यासाठी मोबाइल लागत नाही. आपली सावली पाहा. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की उघड्या डोक्याने बाहेर थांबू नका. मे महिन्यात आपल्याकडे ही वेळ सकाळी ९ च्या सुमारास सुरू होते आणि दुपारी ३ वाजून गेल्यावर संपते.

"आम्ही सावळे, आम्हाला काय होते?" असे कोणी म्हणेल. सावळ्या कातडीला थोडे नैसर्गिक संरक्षण असते हे खरे, पण ते या उन्हाला पुरत नाही. उलट गडद कातडीवर लाली दिसत नाही, म्हणून भाजल्याचे उशिरा कळते. टाळू गरम लागणे, ताणल्यासारखी होणे, हात लावताच दुखणे, खाज येणे, नंतर काळवंडून पापुद्रे सुटणे, या खुणा ओळखा. कोडाचे पांढरे डाग असलेल्यांनी दुप्पट काळजी घ्यावी, कारण त्या डागांवर हे नैसर्गिक संरक्षण नसतेच.

सर्वाधिक धोका कोणाला?

घरात मृत्यू झाला की मुलगे, भाऊ, पुतणे मुंडण करून दहाव्याच्या विधीला बसतात. मे महिन्यात वैनगंगेच्या घाटावर हे विधी दुपारपर्यंत लांबतात. त्या टाळूने वर्षानुवर्षे ऊन पाहिलेले नसते, त्यात वस्तऱ्याचे बारीक ओरखडे असतात. दुःखात बुडालेल्या माणसाला स्वतःच्या डोक्याची शुद्ध नसते. ती सोबतच्यांनी ठेवायची. विधीपुरते डोके उघडे असू द्या, पण विधी आटोपताच स्वच्छ, कोरडा पंचा दुहेरी करून त्याच्या डोक्यावर घाला. गुरुजींना विनंती आहे, शक्य तिथे उन्हाळ्यातला विधी सूर्योदयालाच सुरू करावा. जाऊळ काढलेल्या बाळांना आणि तिरुपतीहून केस देऊन परतलेल्यांनाही हाच धोका आहे.

तेंदूपत्ता तोडायला माणसे पहाटे जंगलात जातात, पण पुडे मोजायला आणि वाळत घालायला फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, ऊन चढेपर्यंत थांबतात. उन्हाळी धानाची कापणी आणि मळणी मे महिन्यातच येते, आणि मग खरेदी केंद्रासमोर रांग लागते. तलावांवर आणि गोसीखुर्द धरणाच्या पाण्यावर मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवांना ऊन वरून लागते आणि पाण्यावरून उलटूनही येते. जुलैच्या मध्यावर सूर्य पुन्हा माथ्यावर असतो आणि तेव्हा रोवणी चालू असते. ढग आहेत म्हणून गाफील राहू नका. वाकून रोवताना टाळूइतकीच मानही भाजते.

काही औषधांनी कातडी उन्हाला नाजूक होते. स्क्रब टायफससाठी दिले जाणारे डॉक्सिसायक्लिन आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांतले हायड्रोक्लोरोथायझाइड ही त्यांतली दोन. केमोथेरपीच्या काही औषधांनीही असे होते. औषध आपल्या मनाने बंद करू नका. डॉक्टरांना विचारा आणि डोके झाका.

काय करावे?

पहिला उपाय कापडाचा. दुपट्टा घट्ट विणीचा घ्या. उजेडाकडे धरून पाहा, आरपार बराच उजेड दिसला तर तो दुहेरी-तिहेरी करा. भिजवलेला दुपट्टा गारवा देतो, पण पातळ सुती कापड ओले झाले की किरण जास्त आत सोडते, म्हणून ओल्या कापडाचे पदर वाढवा. कान आणि मान झाकली जाईल असेच बांधा. गांधी टोपी टाळू झाकते, पण कान-मान उघडे राहतात, तेव्हा तिच्यासोबत दुपट्टा ठेवा. जाळीच्या टोपीवर विसंबू नका. हॅट घेत असाल तर चारही बाजूंनी चार बोटे रुंद काठ असलेली घ्या.

दुसरा उपाय सनस्क्रीन. एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त आणि यूव्हीए किरणांपासूनही संरक्षण देणारे घ्यावे. बाहेर पडण्याआधी १५-२० मिनिटे टाळूभर, कानांच्या टोकांवर आणि मानेवर लावावे. घाम आला की ते निघून जाते, म्हणून दर दोन तासांनी पुन्हा लावावे. नुकत्याच झालेल्या मुंडणाचे ओरखडे असतील तर सनस्क्रीन झोंबते, तेव्हा कापडच बरे. सहा महिन्यांखालच्या बाळाला सनस्क्रीन न लावता सावलीत ठेवा. आणि सनस्क्रीन लावले म्हणून उघड्या डोक्याने दिवस काढू नका. कापड आणि सावली आधी.

खोबरेल किंवा मोहरीचे तेल चोपडून ऊन अडत नाही. केस उगवावेत म्हणून टाळूवर लिंबाचा रस चोळून तर उन्हात मुळीच जाऊ नका. लिंबाचा रस आणि ऊन एकत्र आले की कातडीवर फोड येऊ शकतात.

भाजलेच तर?

ताबडतोब सावलीत या. थंड पाण्याने डोके धुवा, किंवा ओले मऊ कापड १०-१५ मिनिटे ठेवा, आणि दिवसातून अनेकदा तसे करा. बर्फ थेट लावू नका. कातडी किंचित ओली असतानाच साधे, वासाचे नसलेले मॉइश्चरायझर किंवा स्वच्छ कोरफडीचा गर लावा. जास्त पाणी प्या. दुखत असेल तर पॅरासिटामॉल ठरलेल्या मात्रेत घेता येते. लहान मुलांना अॅस्पिरिन देऊ नका. टाळू पूर्ण बरी होईपर्यंत वस्तरा लावू नका, पापुद्रे ओढू नका आणि उन्हात डोके उघडे ठेवू नका.

तूप, टूथपेस्ट, चुना, हळद, शाई यांतले काहीही लावू नका. त्याने उष्णता आत कोंडते, जखम घाण होते आणि डॉक्टरांना नीट तपासता येत नाही. फोड आले असतील तर फोडू नका. फोडाखालची कातडी तो फोडच राखत असतो.

मोठे किंवा बरेच फोड, ताप, थंडी वाजणे, उलट्या, चक्कर, न थांबणारी डोकेदुखी, पू किंवा वाढत जाणारी सूज यांतले काही दिसले, किंवा भाजलेले मूल एका वर्षाच्या आतले असले, तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. भाजलेल्या कातडीला नीट घाम येत नाही, म्हणून अशा माणसाला उष्माघाताचा धोकाही वाढतो. अंग तापलेले असून माणूस असंबद्ध बोलू लागला, झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर क्षण न दवडता १०८ वर फोन करा. गाडी येईपर्यंत त्याला सावलीत निजवा, अंगावर पाणी ओता, वारा घाला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

टाळू वर्षानुवर्षे भाजत राहिली की तिच्यावर खरखरीत, खवल्यांचे चट्टे उठू शकतात. त्यांतले काही पुढे कातडीच्या कर्करोगात बदलतात. आपल्या लोकांत हा कर्करोग कमी आढळतो, म्हणूनच त्याकडे दुर्लक्षही जास्त होते. महिन्यातून एकदा घरच्या कोणीतरी उजेडात टाळू नीट पाहावी. महिनाभरात न भरणारी जखम, रक्त येणारा चट्टा किंवा वाढणारी गाठ दिसली तर डॉक्टरांना दाखवा. वेळेत कळले तर उपचार सोपा असतो.

आम्ही कोणाकडे काय मागतो?

नाभिक बांधवांनो, मुंडण झाल्यावर "आता डोके झाका" एवढे प्रत्येकाला सांगा. तुमचे सांगणे त्या घडीला सर्वांत उपयोगी पडेल. आशाताईंनो, घरभेटीत टक्कल असलेल्या आजोबांच्या टाळूवर एक नजर टाका. औषध दुकानदारांनो, भाजलेल्या टाळूसाठी मनाने स्टेरॉइडची ट्यूब देऊ नका.

ग्रामपंचायतींनो, दहाव्याचे विधी होतात त्या प्रत्येक घाटावर नवतप्याआधी मांडव घाला. बांबू आणि हिरवी जाळी पुरते. तेंदू कंत्राटदारांनो, फळीवर मोजणी मांडवाखाली घ्या. खरेदी केंद्र चालवणाऱ्या संस्थांनो, रांग सावलीत उभी राहील अशी सोय करा, किंवा टोकन देऊन शेतकऱ्याला सकाळची किंवा संध्याकाळची वेळ द्या. रोजगार हमीच्या कामावर पिण्याचे पाणी, विसाव्याला सावली आणि प्रथमोपचाराची पेटी असावी, हे २००५ च्या कायद्यानेच मान्य केले होते. मजुराला सावली देणे हा कोणाचा उपकार नव्हे.

आणि तुम्ही, हे वाचणारे, आज एक काम करा. घरात, शेजारी किंवा कामावर ज्याच्या डोक्यावर केस नाहीत अशा एका माणसाला हे सगळे वाचून दाखवा आणि त्याच्या हातात एक घट्ट विणीचा दुपट्टा द्या. उद्या सकाळी ९ वाजण्याआधी तो त्याच्या डोक्यावर बांधलेला असला पाहिजे.