गांजाची माती आणि जोंधळ्याची माती

गांजाच्या लागवडीवर वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकांत लेख यावा, हें पाहून कांहीं सभ्य वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील, हें आम्ही जाणून आहों. त्यांना आरंभींच सांगून टाकतों कीं, आम्हांला त्या वनस्पतीचे गुण गावयाचे नाहींत आणि तिची निंदाही करावयाची नाहीं. आमचा वाद आहे तो ती ज्या मातींत उभी राहते त्या मातीविषयीं, आणि त्या मातीच्या नांवावर आज जें तत्त्वज्ञान खपविलें जात आहे त्याविषयीं.

प्रसंग असा घडला. कॅलिफोर्नियांत बरींच वर्षें काढून परतलेले आमचे एक तरुण आप्त गेल्या दिवाळींत फराळाला आले होते. त्या प्रांतानें १९९६ सालीं औषधाकरितां आणि २०१६ सालीं प्रौढांच्या सेवनाकरितां गांजा कायदेशीर केला. तेव्हांपासून तेथें ही लागवड म्हणजे एक उजळ माथ्याचा धंदा होऊन बसली आहे. आमच्या आप्तांनीं तिचें जें वर्णन केलें, तें घरांतील व शेजारची तरुण मंडळी कीर्तन ऐकावें तशा तन्मयतेनें ऐकत होती. दलदलींतील कुजलेल्या शेवाळाची माती घ्यावयाची. तींत गांडूळखत, हाडांचा चुरा, वाळविलेल्या रक्ताची पूड, समुद्रांतील शेवाळ, वटवाघुळांची विष्ठा, स्फुरदाचा दगड, जिप्सम आणि बेसाल्ट खडकाची पूड मिसळावयाची. वर निंबोळीची व करंजाची पेंड घालावयाची. मग हें सारें मिश्रण ओलसर करून कांहीं आठवडे मुरत ठेवावयाचें. त्यानंतर रोपाला नुसतें पाणी दिलें कीं पुरे. ह्या मिश्रणाला तेथें ‘जिवंत माती’ म्हणतात.

येथपर्यंत आमची कांहींच तक्रार नव्हती. पण पुढें आप्तांनीं दोन सिद्धांत सांगितले. पहिला असा कीं, रोपाला न भरवितां मातीला जेवूं घालावें ही कल्पना त्या देशांतील गांजावाल्यांनीं जगाला दिली. दुसरा असा कीं, ह्या मातींत जें जें आहे तें सर्व निसर्गदत्त असल्यामुळें निर्धोक आहे, आणि तींत खनिजें जितकीं अधिक तितका माल अधिक सकस. हे दोन्ही सिद्धांत आज आपल्याकडील सुशिक्षितांच्या तोंडीं सर्रास ऐकूं येऊं लागले आहेत, म्हणून त्यांचा समाचार घेणें आम्हांला अवश्य वाटतें.

पहिल्या सिद्धांताचें मूळ शोधण्यास कॅलिफोर्नियाला जाण्याची जरुरी नाहीं. इंदूरला गेलें तरी पुरे. १९०५ सालीं पुसा येथें सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आलेले आल्बर्ट हॉवर्ड १९२४ पासून १९३१ पर्यंत होळकरांच्या इंदुरांत वनस्पतिसंशोधनाची संस्था चालवीत होते. कापसाच्या पऱ्हाट्या, पालापाचोळा, गुरांचें शेण, गोठ्यांतील मूत्र मुरलेली माती आणि चुलींतील राख ह्यांचे थर रचून, ते ठराविक वेळीं उलथून सुमारें तीन महिन्यांत उत्तम खत करण्याची रीत त्यांनीं तेथें बसविली. १९३१ सालीं तिच्यावर जें पुस्तक निघालें, त्यावर हॉवर्डसाहेबांच्या नांवाबरोबर त्यांचे रसायनज्ञ सहकारी यशवंत वाड ह्यांचें नांव आहे. हॉवर्डचें नांव आज सेंद्रिय शेतीच्या प्रत्येक पुस्तकांत सांपडतें. वाडांचें नांव मराठी वाचकांपैकीं किती जणांस ठाऊक आहे, हें वाचकांनींच आपल्या मनाशीं विचारावें. चिनी शेतकऱ्यांच्या पद्धतीचाही ह्या रीतींत वाटा होता, हें कबूल केलें पाहिजे. १९४२ सालीं रोडेल नांवाच्या गृहस्थांनीं अमेरिकेंत सेंद्रिय शेतीचें मासिक काढलें, तेव्हां संपादनाला त्यांनीं हॉवर्डचेंच साहाय्य घेतलें. म्हणजे ही विद्या ज्या वाटेनें तिकडे गेली ती वाट नकाशावर बोटानें दाखवितां येते.

आणि गांजाच्याच पिकाची गोष्ट बोलावयाची तर ती ह्याहून जुनी आहे. राजशाही जिल्ह्यांतील नौगांव, जें आज बांगलादेशांत आहे, तेथें इंग्रजी अमदानींत सरकारी परवान्यानें गांजा पिकत असे. तेथील शेतकरी उंचवट्याची, पाणी न साचणारी, सावली नसलेली जमीन निवडीत. ती पुनःपुन्हां नांगरून तींत शेण, पेंड आणि आसपासची ताजी माती घालीत. पीक वाढूं लागलें कीं ‘पोद्दार’ नांवाचा जाणता मनुष्य शेतांतून फिरून नराचीं झाडें नेमकीं ओळखून उपटून टाकी, कारण बीं धरलेला गांजा निकस ठरे. बीं न धरलेल्या ज्या कळ्यांना कॅलिफोर्नियांत आज स्पॅनिश नांवानें मिरवितात, त्या ह्याच. डेव्हिड प्रेन ह्यांनीं १८९३ सालीं ही सर्व रीत सरकारी अहवालांत लिहून ठेविली आहे. १९१७ सालीं ह्या शेतकऱ्यांनीं आपली सहकारी संस्थाही काढली होती. ज्यांच्या अंगावर धड वस्त्र नव्हतें त्यांची विद्या शंभर वर्षांनीं रंगीत गोणींत भरून परत आली, कीं आमचे लोक तिला नवा शोध म्हणून नमस्कार करतात! हा आमच्या इंग्रजी शिक्षणाचा दोष आहे, आणि तें शिक्षण देण्यांत आमचा स्वतःचा जन्म गेला असल्यामुळें हें लिहितांना आम्हांला संकोच वाटत नाहीं असें नाहीं.

आतां दुसरा सिद्धांत. खनिजांची पूड मातींत घातली कीं रोप सकस होतें, हें खरें असतें तर महाराष्ट्राच्या शेतकऱ्यासारखा भाग्यवान् शेतकरी जगांत दुसरा नसता. कॅलिफोर्नियांतला बागवान जी बेसाल्टची पूड पैसे मोजून आणतो, त्याच खडकावर आपण घरें बांधून राहत आहों. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं ओतलेल्या लाव्ह्याचें हें आपलें पठार. त्याच काळ्या दगडाची झीज होऊन आपली काळी जमीन बनली. चुना, मॅग्नेशियम, लोह ह्यांना तींत तोटा नाहीं. असें असतां तिच्यांतील उसावर केवडा कां पडतो? पानें पिवळीं पांढरीं कां होतात? लोह जमिनींत आहे, पण चुनखडीच्या विम्ल जमिनींत तें असें बांधलें जातें कीं मुळांना तें उचलतां येत नाहीं. जस्ताची गतही तीच. कोठारांत धान्य आहे, पण किल्ली हरवली आहे. ती किल्ली म्हणजे कुजलेला सेंद्रिय अंश, आणि त्यावर जगणारे जंतू, बुरशी व गांडुळें. तेव्हां ज्या मातीला जिवंत म्हणतात, तिच्यांतील जिवंतपणा पेंडींत, शेणांत व पाचोळ्यांत आहे. खडक विरघळावयाला वर्षानुवर्षें लागतात. कुंडींतला गांजा चार-सहा महिन्यांत कापला जातो. त्या अवधींत त्या पुडीचा फार मोठा लाभ कोणाला होत असेल तर तो ती विकणाऱ्याला!

‘नैसर्गिक म्हणून निर्धोक’ ह्या म्हणण्याला तर आम्ही शुद्ध मंत्रतंत्राच्या पंक्तीला बसवूं. शिसें, सोमल, पारा हीं सर्व निसर्गाचींच लेंकरें आहेत. स्फुरदाच्या दगडांत कॅडमियम निसर्गतःच असतो. त्यांतून गांजाच्या जातीचें झाड जमिनींतील जड धातू ओढून घेण्यांत मोठें तरबेज. इतकें कीं, १९९८ च्या सुमारास चेर्नोबिलजवळची दूषित जमीन शुद्ध करण्याच्या प्रयोगांकरितां ह्याच कुळाचें झाड लावण्यांत आलें होतें. जें झाड जमिनीचें विष शोषून घेण्यासाठीं लावितात, त्याचाच धूर छातींत घेतांना मातींत काय होतें हें पाहावें कीं गोणीवरचें हिरवें पान पाहावें? कॅलिफोर्नियाच्या सरकारनें २०१८ च्या अखेरीपासून विक्रीच्या मालांत कॅडमियम, शिसें, सोमल आणि पारा तपासणें सक्तीचें केलें. त्या सरकारला कळलेली गोष्ट आमच्या आप्तांच्या श्रोत्यांना कळूं नये, ह्याचें आम्हांला नवल वाटतें.

येथें कोणी म्हणेल, मग आपल्याकडे ह्या पिकाला मोकळीक द्यावी कीं देऊं नये, हें सांगा. हा स्वतंत्र प्रश्न आहे. १८९३ सालीं नेमलेल्या कमिशननें ११९३ साक्षी घेऊन, माफक सेवनानें विशेष अपाय होत नाहीं व सरसकट बंदी नको, असा निर्णय दिला. १९८५ च्या कायद्यानें गांजा व चरस ह्यांवर बंदी घातली आणि भांगेच्या पानांना वगळलें. २०१८ सालीं उत्तराखंडानें तागासारख्या उपयोगाकरितां, नशेचा अंश नांवापुरता असलेल्या जातीला परवाने देऊं केले. त्यावर वाद घालणारे पुष्कळ आहेत. आमचा सवाल निराळा आहे.

आमचा सवाल असा कीं, ही सारी काळजी कोणाच्या वांट्याला येते? एका कुंडीसाठीं समुद्राचें शेवाळ, गुहांतली विष्ठा आणि आपल्या देशांतली निंबोळीची पेंड गोळा होते. आणि ज्या जोंधळ्यावर, बाजरीवर, तुरीवर आपलीं घरें जगतात त्यांच्या मुळाशीं मूठभर पांढरा युरिया फेंकला कीं आपण निश्चिंत. ह्यांत शेतकऱ्याला बोल लावणें सोपें आहे, पण अन्यायाचें आहे. सरकारनें युरियाची किंमत बांधून ठेविली आणि २०१० पासून स्फुरद व पालाश ह्यांच्या खतांच्या किंमती बऱ्याच अंशीं मोकळ्या सोडल्या. ज्याच्या गांठीं पैसा थोडा तो स्वस्त गोणीकडे वळला. हा हिशेब आहे, अज्ञान नव्हे. गुरें कमी झालीं, शेण उरलें तें गोवऱ्यांत गेलें, पाचट व पऱ्हाट्या शेतांतच पेटविल्या गेल्या. २०१५ पासून देशांत तयार होणाऱ्या सगळ्या युरियाला निंबोळीच्या तेलाचा लेप असावा लागतो. म्हणजे निंबाचें तेल युरियाला, पेंड समुद्रापलीकडच्या गांजाला, आणि जोंधळ्याला सावली!

आमच्या आप्तांनीं हें ऐकून विचारलें, “पण काका, जोंधळ्याच्या दरांत एवढा खर्च परवडेल कोणाला?” प्रश्न रास्त आहे, व त्याला आमच्याजवळ पूर्ण उत्तर नाहीं. परंतु इंदूरच्या खड्ड्यांत जें पडत होतें त्यांपैकीं एकही वस्तु विकत आणलेली नव्हती, हें त्यांना सांगितल्यावांचून आम्हांला राहवलें नाहीं. वटवाघुळाची विष्ठा दामदुपटीनें घ्यावी लागते. पाचोळ्याला अजून कोणी दाम मागत नाहीं. आणि शहरांतील घराघरांतून भाजीचीं देठें, सालपटें, शिळें अन्न रोज जें बाहेर पडतें, तें शेताकडे परत न जातां प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून गांवाबाहेरच्या डोंगरावर चढतें, हा खर्च कोणाच्या खातीं मांडावयाचा?

ओला कचरा निराळा ठेवण्याचा नियम २०१६ सालीं झाला. आमच्या इमारतीच्या सभासदांची सभा त्यानंतर भरली, तींत मागल्या अंगणांत खताचा खड्डा करावा अशी सूचना आम्हीं मांडली होती. वास येईल, माशा होतील, जागेची शोभा जाईल, अशीं कारणें देऊन ती बहुमतानें फेंटाळण्यांत आली. त्या दिवशीं विरोधांत सर्वांत मोठ्यानें बोलणारे दोघे गृहस्थ दिवाळीच्या त्या संध्याकाळींही आमच्याकडे हजर होते. फराळ झाल्यावर निघतांना त्यांनीं आमच्या आप्तांना दारांतच थांबवून, ती जिवंत माती इकडे कोठें विकत मिळते, आणि गच्चींतल्या गुलाबांना ती चालेल काय, असें मोठ्या आस्थेनें विचारलें.