पाणी पुन्हा भरले, तर

साठी ओलांडलेला शेतकरी, दोन महिन्यांपासून उजव्या कुशीत दुखणे, चढावर धाप, एक्स-रेत पाणी. चिखली, मेहकर, मलकापूर, शेगाव, कुठल्याही दवाखान्यात हा रुग्ण नवा नाही. पाणी काढले की ते पिवळसर निघते, प्रथिने वाढलेली, पेशी बहुतेक लिम्फोसाइट. टीबीची औषधे सुरू होतात. बुलडाणा जिल्ह्यात हा निर्णय बहुतेक वेळा बरोबरच असतो आणि त्याला उशीर करा, असे या मासिकाचे म्हणणे मुळीच नाही. प्रश्न उरलेल्या थोड्या रुग्णांचा आहे. त्यांचे पाणी पुन्हा भरते, दुखणे वाढत जाते आणि तरीही सहा महिन्यांचा कोर्स ‘पूर्ण’ केला जातो. फुफ्फुसाच्या आवरणाचा कर्करोग, म्हणजे मेसोथेलिओमा, याच सहा महिन्यांत हातातून निसटतो.

या आजाराचा धागा सापडला तोही टीबीच्याच रुग्णालयात. दक्षिण आफ्रिकेतील किंबर्लीच्या क्षयरोग रुग्णालयाचे प्रमुख डॉ. स्लेग्स यांना एक गोष्ट खटकत होती. इतर भागांतल्या रुग्णांच्या छातीतले पाणी टीबीच्या औषधांनी ओसरायचे, पण पश्चिमेच्या खाणपट्ट्यातून आलेल्या काहींचे जागचे हलत नव्हते. पॅथॉलॉजिस्ट वॅगनर, स्लेग्स आणि मर्चंड यांनी अशा रुग्णांच्या आयुष्याचा माग काढला आणि १९६० मध्ये ३३ जणांची नोंद प्रसिद्ध केली. एक सोडून बाकी सगळ्यांचा संबंध निळ्या ॲस्बेस्टॉसशी लागला. त्यांतले कित्येक खाणीत कधी उतरलेही नव्हते. लहानपण तेवढे खाणीच्या आसपास गेले होते. औषध लागू पडत नाही, तेव्हा डोस चुकवल्याचा दोष रुग्णाला देण्याआधी निदानच पुन्हा तपासावे, ही बुद्धी एका टीबीच्या डॉक्टरला झाली, म्हणून हे घडले.

आपल्याकडे खाणपट्टा नाही, पण स्थलांतर आहे. पोटासाठी मुंबई, पुणे, सुरत गाठलेली एक पिढी उतारवयात गावी परतली आहे. ‘काय काम करता?’ या प्रश्नाला ती ‘शेती’ एवढेच उत्तर देते. ‘बाबा, त्याआधी कुठे होता?’ असे विचारले की मग ‘मुंबईले होतो, कंपनीत’ हे बाहेर येते. मुलुंडला ॲस्बेस्टॉस-सिमेंटचा आणि घाटकोपरला ब्रेक-लायनिंगचा कारखाना होता. डॉ. व्ही. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी घाटकोपरच्या कामगारांची तपासणी करून २००५ मध्ये ती प्रसिद्ध केली, तेव्हा सुमारे पाचांत एकाला ॲस्बेस्टॉसिस आढळला. बॉयलरचे आवरण चढवणारे-उतरवणारे आणि सिमेंटचे पत्रे कापणारे यांनाही हेच विचारायला हवे. धूळ छातीत गेल्यापासून गाठ दिसेपर्यंत बहुधा ३० ते ४० वर्षे जातात, म्हणून सध्याचा धंदा विचारून काही हाती लागत नाही. बाईमाणूस समोर असेल तर नवऱ्याचे, वडिलांचे काम विचारावे. धुळीने भरलेले कपडे झटकून धुणाऱ्या बायकांनाही हा आजार झाला आहे. आणि ‘विडी ओढत नाही’ म्हणून शंका सोडू नये. फुफ्फुसाच्या कर्करोगाशी तंबाखूचे नाते पक्के आहे, मेसोथेलिओमाशी नाही.

अशा चौकशीचे मोल या जिल्ह्याने अलीकडेच पाहिले आहे. २०२४ च्या अखेरीस शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत माणसांचे केस अचानक गळू लागले, तेव्हा डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनचा गहू कुठून आला हे शोधून सेलेनियमकडे बोट दाखवले.

सीटी स्कॅनमध्ये आवरण एक सेंटिमीटरहून जाड, गाठीगाठींचे, मध्यभागाकडच्या बाजूलाही पसरलेले आणि फुफ्फुसाला वेढून बसलेले दिसले, तर टीबीवर थांबू नये. पाणी भरपूर असूनही श्वासनलिका विरुद्ध बाजूला सरकलेली नसेल, उलट छातीची ती बाजू आक्रसलेली असेल, तर शंका आणखी बळावते. एडीए वाढला म्हणून टीबीच, असे नाही. मेसोथेलिओमाच्या काही रुग्णांतही तो ४० च्या वर जातो. पाण्यात कर्करोगाच्या पेशी न सापडणे ही तर नेहमीचीच गोष्ट. तिसऱ्या-चौथ्यांदा सुई घालत राहिल्याने आत चिकटे तयार होतात आणि पुढची थोरॅकोस्कोपी अवघड होते. दुसऱ्यांदा पाणी भरले की रुग्णाला थोरॅकोस्कोपीची सोय असलेल्या केंद्राकडे पाठवावे, असे या मासिकाचे स्पष्ट मत आहे. डोळ्यांनी पाहून घेतलेल्या तुकड्यातून दहांतल्या नऊहून अधिक रुग्णांचे निदान होते. त्या तुकड्यावर आयएचसी हवीच: कॅलरेटिनिन, डब्ल्यूटी-१, सीके ५/६ बाजूने आणि सीईए, टीटीएफ-१ विरोधात. नाहीतर ॲडिनोकार्सिनोमाशी गल्लत होते.

उपचारांबद्दल नातेवाइकांशी खरे बोलावे लागते. पेमेट्रेक्सेड आणि सिस्प्लॅटिनच्या २००३ च्या चाचणीत निम्मे रुग्ण वर्षभर जगले. एकट्या सिस्प्लॅटिनवर ही मुदत ९.३ महिने होती. सोबत फोलिक ॲसिड आणि बी-१२ द्यायला विसरू नये. निव्होलुमॅब-इपिलिमुमॅब या जोडीने २०२१ च्या अहवालात मध्यक आयुष्य १४.१ वरून १८.१ महिन्यांवर नेले, पण ती आपल्या बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेर आहे. मोठ्या शस्त्रक्रियेच्या आशेने शेत विकायला निघालेल्या कुटुंबाला ब्रिटनमधल्या ‘मार्स-२’ चाचणीचा निकाल सांगावा: केवळ केमोथेरपी घेतलेले रुग्ण शस्त्रक्रिया करून घेतलेल्यांहून अधिक जगले. टाल्क टाकून पोकळी बंद करणे, किंवा फुफ्फुस फुलत नसेल तर नळी बसवून घरीच पाणी काढणे, यामुळे धाप कमी होते. वेदनेसाठी मॉर्फीन हात आखडता न घेता द्यावे.

सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्य-नोंदी रुजू झाल्यापासून ४० वर्षे किंवा काम सुटल्यावर १५ वर्षे, यांतले जे नंतर येईल तोवर जपण्याचा आदेश दिला. गावी परतलेल्या कामगाराच्या हाती मात्र ती फाइल सहसा नसते. कारखाना, खाते, किती वर्षे, कोणती धूळ हे केसपेपरवर आपण लिहिले, तरच ते कुठेतरी उरते. व्यवसायजन्य कर्करोग १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत होता आणि २०२० च्या संहितेतही तो कळवायच्या आजारांत आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये उद्घाटन झालेल्या बुलडाण्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने पहिल्यापासूनच केसपेपरवर ‘पूर्वीची सर्व कामे’ असा रकाना छापून घ्यावा आणि प्ल्यूरल बायोप्सीचे मेणाचे ठोकळे त्या नोंदीसह जपून ठेवावेत.