जमीन जनतेची, हिशेब मात्र गुलदस्तात!

२४ मे २००८ रोजी बंगळूरजवळ देवनहळ्ळीचा विमानतळ सुरू झाला आणि सार्वजनिक मालकीचा एचएएल विमानतळ नियमित प्रवासी वाहतुकीस बंद करण्यात आला. त्याविरुद्ध विमानतळ कर्मचाऱ्यांनी त्या मार्चमध्ये देशव्यापी संप केला होता.

नव्या विमानतळासाठी जमीन दिली सरकारने. पण आरंभीचे ७४ टक्के भागभांडवल गेले सीमेन्स, झुरिच विमानतळ आणि लार्सन अँड टुब्रो यांच्या हाती. बांधकामाची मोठी कंत्राटेही सीमेन्स व लार्सन यांनाच! काम देणारा आणि बिल लावणारा एकच. भुर्दंड मात्र शुल्कांच्या रूपाने प्रवाशांच्या माथी.

सरकारी भाग २६ टक्केच, म्हणून कायद्याने ही कंपनी ‘सरकारी’ नव्हे आणि महालेखापरीक्षकांची तपासणी तिला बंधनकारक नाही, अशी ही पळवाट! परंतु सरकारला महसुलातील वाटा देणाऱ्या खाजगी दूरसंचार कंपन्यांच्या महसुलाचे हिशेब तपासण्याचा महालेखापरीक्षकांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने १७ एप्रिल २०१४ रोजी मान्य केला आहे. विमानतळ कंपनीही करारानुसार उत्पन्नाच्या ४ टक्के शुल्क सरकारला देणे लागते. मग तिलाच अभय का?

महसुलावरच न थांबता प्रत्येक कंत्राट तपासा आणि अहवाल संसदेपुढे ठेवा! कामगार चळवळीने ही मागणी जनतेत नेली पाहिजे.