पार्सल घेतलं, माल वापरला. मग स्टार द्यायला हात का आखडतो?

तालुका प्रतिनिधी | विश्लेषण

फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर आता सकाळी पेपरच्या गठ्ठ्यासोबत पार्सलच्या गोण्याही उतरतात. मोबाइलचं कव्हर, साड्या, पोरांचे बूट, मिक्सर, फवारणीचा पंप, ठिबकचे जोड, भाजीपाल्याचं बियाणं, सगळं घरपोच यायला लागलंय. पिनकोड सात-आठ गावांचा एकच असला तरी डिलिव्हरी करणारं पोरगं फोन करून बरोबर वस्तीवर येतं.

वस्तू घेण्याआधी आपण काय बघतो? किंमत, आणि तिच्याखालचे स्टार. चार-सव्वाचार स्टार असले की बोट दाबायला धीर येतो. तीनच्या खाली असले की पुढं सरकतो. म्हणजे कोण कुठले अनोळखी लोक, त्यांच्या शब्दावर आपण हजार-दोन हजार रुपये टाकतो. पण तीच वस्तू आपल्या घरी आली, महिनाभर वापरली, चांगली निघाली किंवा फसगत झाली, तर आपण चार शब्द लिहितो का? शंभरातले बहुतेक लिहीत नाहीत. सगळेच वाचतात आणि थोडेच लिहितात, आणि बाजार त्या थोड्यांच्या लिहिण्यावर चालतो. ते थोडे कोण असतात, याचा विचार आपण करायला पाहिजे. कारण पैसा आपला जातोय, आणि काही वेळा हंगामही जातोय.

ही सवय जगभरची, फक्त आपली नाही

अनोळखी माणसाकडून माल घ्यायचा तर विश्वास कसा ठेवायचा, हा प्रश्न इंटरनेटच्या बाजाराला पहिल्या दिवसापासून आहे. अमेरिकेतल्या ईबे या साइटने १९९६ मध्ये खरेदीदार आणि विक्रेता यांनी एकमेकांबद्दल मत नोंदवायची सोय केली. पॉल रेस्निक आणि रिचर्ड झेकहाउजर या दोन अभ्यासकांनी तिथले १९९९ सालचे व्यवहार तपासले. खरेदी करणाऱ्यांपैकी साधारण ५२ टक्के लोकांनीच मत दिलं होतं. आणि दिलेल्या मतांपैकी ९९ टक्के चांगली होती. वाईट मत एक टक्काही नव्हतं.

आता ९९ टक्के माल चांगला निघतो, यावर बाजार केलेला कुठला शेतकरी विश्वास ठेवील? खरी गोष्ट अशी, की ज्यांना माल बरा-वाईट वाटला त्यातले बरेच गप्प बसले. तिथं तेव्हा विक्रेताही खरेदीदाराला वाईट शेरा देऊ शकत होता. तू मला वाईट म्हणालास, तर मीही तुला म्हणतो, अशी ती भीती. शेवटी २००८ मध्ये ईबेने विक्रेत्याचा वाईट शेरा द्यायचा अधिकारच काढून घेतला.

यातून एक गोष्ट पक्की धरावी. गप्प बसलेला गिऱ्हाईक म्हणजे समाधानी गिऱ्हाईक, असं नसतं.

आपल्याकडं लोक का लिहीत नाहीत?

पहिलं कारण, ऑर्डर एकाची आणि वापर दुसऱ्याचा. घरात अॅप असतं ते पोराच्या किंवा पुतण्याच्या मोबाइलमध्ये. कुकर वापरते आई, पंप पाठीवर घेतात वडील, आणि "रेट करा" असा मेसेज येतो पुण्यात किंवा संभाजीनगरात शिकणाऱ्या पोराला. तो काय लिहिणार? एक तर मेसेज उडवतो, नाही तर पाच स्टार दाबून मोकळा होतो.

दुसरं कारण भाषेचं. फ्लिपकार्ट आणि अॅमेझॉन, दोघांनीही २०२१ मध्ये आपली अॅप मराठीत आणली. पण मराठीत बटणं आली म्हणून लोक मराठीत लिहायला लागले नाहीत. रिव्ह्यू इंग्रजीतच लिहायचा असतो, आपली भाषा बघून लोक हसतील, अशी समजूत अजून आहे. हीच माणसं व्हॉट्सअॅपवर भावकीच्या ग्रुपला हातभर मेसेज टाकतात, हे वेगळं.

तिसरं कारण वेळेचं, आणि शेतीच्या मालात हेच सगळ्यात मोठं आहे. पार्सल पोचलं की दोन-चार दिवसांत मत विचारलं जातं. साडीचा रंग तेवढ्यात कळतो. बियाण्याचं काय? उगवण कळायला आठ-दहा दिवस, आणि फळ कसं लागलं हे कळायला दोन-तीन महिने. एप्रिलमध्ये स्वस्त मिळाला म्हणून घेतलेला पंप जुलैत पाठीवर येतो. बॅटरी किती टाक्या चालते, नोझल गळतं का, पट्टा खांद्याला कापतो का, हे तेव्हा समजतं. तोपर्यंत माल परत करायची मुदत गेलेली असते आणि मत द्यायचा मेसेज शंभर मेसेजांच्या खाली गेलेला असतो. म्हणून अशा वस्तूंखाली "पॅकिंग चांगलं", "वेळेवर मिळालं", "दिसायला छान" असले शेरे जास्त दिसतात. पॅकिंग चांगलं असल्यानं फवारणी होत नाही.

चौथं कारण डिलिव्हरी करणारं पोरगं. ते आपल्याच भागातलं. माल खराब निघाला म्हणून एक स्टार दिला, तर त्याच्या पगारातून कापतील, अशी कित्येकांना धास्ती असते. खरं तर पोचवणाऱ्याचं रेटिंग वेगळं, वस्तूचं वेगळं आणि विक्रेत्याचंही वेगळं असतं. तिन्ही प्रश्न वेगवेगळे विचारले जातात, पण पटापटा विचारले की गल्लत होते. त्यामुळं उलटंही घडतं. पार्सल दोन दिवस उशिरा आलं, म्हणून चांगल्या वस्तूला एक स्टार. बिचाऱ्या विक्रेत्याचा त्यात काही दोष नसतो.

पाचवं कारण भीतीचं. पार्सलच्या चिठ्ठीवर आपलं नाव, गाव, नंबर असतो. मी स्वतः एका विक्रेत्याच्या पंपाला दोन स्टार देऊन नोझल गळतं एवढंच लिहिलं होतं. दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू. आधी गोड बोलणं, "दादा, रिव्ह्यू काढा, पैसे परत देतो." मग जरा चढा आवाज. तीन दिवस हे चाललं. मी काही काढला नाही, पण असा फोन एखाद्या म्हाताऱ्या माणसाला किंवा घरातल्या बाईला गेला, तर ती परत कधी लिहील का?

आणि सगळ्यात शेवटचं, "आपल्याला काय करायचंय?" गावात असं आपण म्हणत नाही. कृषी सेवा केंद्रातनं आणलेलं औषध लागू पडलं नाही, तर संध्याकाळपर्यंत पारावर दहा जणांना कळतं. तिथं ऐकणारा आपला असतो, उद्या तोही आपल्याला सावध करणार असतो. अॅपवर ऐकणारा कोण, कुठला, ठाऊक नाही. लिहायचा ताप माझा, फायदा परक्याचा. हिशेब सरळ आहे. फक्त एवढंच विसरतं, की आपण माल घेताना वाचलेले शेरेही कुठल्या तरी परक्यानंच ताप घेऊन लिहिलेले होते.

मग लिहितं कोण?

दोन टोकांची माणसं. एक खूप खुश झालेला, दुसरा खूप चिडलेला. मधला, ज्याला वस्तू "पैशाच्या मानानं ठीक" वाटली, तो गप्प. म्हणून बऱ्याच वस्तूंवर पाच स्टारांचा ढीग, एक स्टारचा छोटा ढीग आणि मध्ये खड्डा, असं चित्र दिसतं. खरा माल बहुतेक वेळा त्या खड्ड्यात असतो.

तिसरा लिहिणारा म्हणजे पैसे घेऊन लिहिणारा. पार्सलमध्ये रंगीत कार्ड निघतं, "पाच स्टार द्या, फोटो पाठवा, ५० रुपये मिळवा." पन्नास रुपयांत आपण आपल्याच पुढच्या शेतकऱ्याला खड्ड्यात ढकलतो, हे कार्ड हातात असताना लक्षात येत नाही.

कायदा याविरुद्ध आहे. ग्राहक संरक्षण कायद्याखालचे ई-कॉमर्स नियम जुलै २०२० मध्ये आले. विक्रेत्यानं स्वतःच ग्राहक बनून रिव्ह्यू टाकायला त्यात मनाई आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोनं ऑनलाइन रिव्ह्यूसाठी आयएस १९०००:२०२२ हे मानक आणलं. लिहिणारा खरा आहे का हे तपासा, विकत घेतलेले रिव्ह्यू छापू नका, असं ते सांगतं. पण ते ऐच्छिक म्हणून आणलं. पाळलं तर चांगलं, नाही पाळलं तर पकडायचं कसं, हा प्रश्न राहतोच.

याच धंद्याची एक वाईट फांदी गावागावात पोचली आहे. व्हॉट्सअॅप, टेलिग्रामवर मेसेज येतो, "घरबसल्या रेटिंग द्या, रोज हजार रुपये कमवा." सुरुवातीला दीडशे-दोनशे खरंच जमा होतात. मग "मोठं काम हवं तर आधी पैसे भरा" म्हणतात, आणि भरलेले पैसे परत येत नाहीत. याला टास्क फ्रॉड म्हणतात. असं झालं तर लाजत बसू नका, लगेच १९३० या नंबरवर कळवा. जितका उशीर, तितका पैसा लांब जातो.

आता विकणाऱ्याच्या बाजूनं

आतापर्यंत आपण फक्त घेणारे होतो. आता आपल्यातलेही विकायला लागलेत. बचत गटांचे मसाले, पापड, गूळ, हळद, बेदाणा ऑनलाइन जातोय. तिथं गिऱ्हाइकाच्या गप्प बसण्याचा मार आपल्यालाच बसतो.

साधा हिशेब करा. एका गटाच्या लोणच्याच्या पन्नास बरण्या गेल्या. सत्तेचाळीस जणांनी बोटं चाटून खाल्लं आणि गप्प बसले. दोघांनी पाच-पाच स्टार दिले. एकाची बरणी वाटेत फुटली, त्यानं एक स्टार दिला. सरासरी आली ३.७. आपण वर बघितलं, तीनच्या आसपास आकडा दिसला की आपणच पुढं सरकतो. त्याच गटाला शंभर मतं मिळाली असती, नव्व्याण्णव पाचची आणि एक एकचं, तर सरासरी ४.९६ राहिली असती. माल तोच, बरणीही तीच फुटलेली. मोठ्या कंपनीकडं हजारो मतं असतात, एक-दोन वाईट शेऱ्यांनी तिचं केसही वाकडं होत नाही. गटाचं मात्र दुकान बसतं.

म्हणून गटातल्या ताईंनी एक करावं. बरणीसोबत मराठीत चिठ्ठी टाकावी, "कसं वाटलं ते खरं-खरं लिहा. काही बिघडलं असेल तर आधी या नंबरवर कळवा." पाच स्टार मागू नयेत, बक्षीस ठेवू नये. आज विकत घेतलेले स्टार उद्या उघडे पडले तर खऱ्या स्टारांवरही कोणी विश्वास ठेवणार नाही.

लिहायचं काय आणि कसं?

मराठीत लिहा. टाइप करायचा कंटाळा असेल तर कीबोर्डवरचा माइक दाबून बोला. तीन ओळी पुरतात. किती दिवस वापरलं, कशासाठी वापरलं, काय चांगलं आणि काय खटकलं. "पंप भारी आहे" यातून कोणाला काही कळत नाही. "एका चार्जिंगवर कपाशीत बारा टाक्या झाल्या, नंतर दाब कमी झाला" यातून सगळं कळतं.

शेतीची वस्तू असेल तर घाई करू नका. हंगाम झाल्यावर लिहा. आधी लिहिलं असेल तर बहुतेक अॅपवर "माझ्या ऑर्डर" मध्ये जाऊन ते बदलता येतं. फोटो टाकताना बिल आणि पत्त्याची चिठ्ठी फोटोत येऊ देऊ नका.

वाचताना पाच आणि एक स्टारवाले बाजूला ठेवून दोन-तीन-चार स्टारवाले आधी वाचा. जुने सोडून अलीकडचे बघा. एकाच दिवशी एकसारख्या भाषेत खूप शेरे आले असतील तर सावध व्हा.

आणि एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. रिव्ह्यू म्हणजे तक्रार नव्हे. एक स्टार देऊन पैसे परत मिळत नाहीत. त्यासाठी अॅपवर रीतसर तक्रार करा आणि तक्रार क्रमांक घ्या. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच द्यायची आणि एका महिन्यात निकाल लावायचा, असं २०२० चे नियम सांगतात. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर मराठीतही बोलता येतं.

बियाण्याची, औषधाची गोष्ट आणखी वेगळी. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्रानं नियम बदलून परवान्याच्या अटीवर कीटकनाशकांच्या ऑनलाइन विक्रीला वाट दिली. म्हणजे हा माल आता आणखी येणार. बिल नसलेला, परवाना नंबर नसलेला माल कितीही स्टार असले तरी घेऊ नका. बियाण्याची पिशवी, टॅग आणि बिल पीक निघेपर्यंत जपा. उगवण झाली नाही तर आधी तालुका कृषी अधिकाऱ्याकडं लेखी तक्रार द्या, रिव्ह्यू नंतर लिहा.

येत्या खरिपाला आपल्या तालुक्यातले शेकडो जण पुन्हा मोबाइलवर पंप आणि बियाणं शोधतील. गेल्या हंगामात ज्यांनी तोच माल वापरला, ते त्यांच्या शेजारच्याच गावात असतील, पण अॅपवर त्यांचा एक शब्द सापडणार नाही. पारावर जे सांगता, तेच तीन ओळींत तिथं लिहा. त्याला खर्च काही नाही, आणि पुढच्या माणसाचा हंगाम वाचू शकतो.