दशांश कशाचा? हातात आलेल्याचा की हातात उरलेल्याचा?

डिसेंबर उजाडला की परतवाडा-अचलपूर भागातल्या ख्रिस्ती घरांत दोन हिशेब एकाच वेळी सुरू होतात. एक घरचा: कापसाचा चुकारा किती आला, संत्र्याच्या आंबिया बहाराचे किती सुटले, सोसायटीचे किती भरायचे, गटाची किस्त किती. दुसरा मंडळीचा: नाताळचे अर्पण, वर्षअखेरचे उपकारस्तुतीचे अर्पण आणि राहून गेलेला दशांश. दोन्ही हिशेब एकाच पाकिटातून भागवायचे असतात. पण अनेक घरांत ते कधीच एका वहीत येत नाहीत. देणे श्रद्धेचा विषय आणि किस्त व्यवहाराचा, अशी वाटणी करून टाकली जाते. ओढाताण तिथूनच सुरू होते.

दानाची ख्रिस्ती शिकवण घरखर्चाच्या वहीत बसवायची असेल, तर ती आधी नीट समजून घ्यावी लागते. ती जितकी कडक सांगितली जाते तितकी कडक नाही, आणि जितकी सोपी समजली जाते तितकी सोपीही नाही.

दशांश म्हणजे नेमके काय?

दशांश म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग. जुन्या करारात तो मुख्यतः शेतीच्या उत्पन्नाचा आणि जनावरांचा होता: धान्य, द्राक्षारस, तेल, कळपातले दहावे जनावर. त्यातून मंदिराची सेवा करणाऱ्या, स्वतःची जमीन नसलेल्या लेवींचा निर्वाह होत असे. अनुवाद या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात आणखी एक तरतूद आहे. दर तिसऱ्या वर्षीचा दशांश गावातच साठवायचा आणि त्यातून लेवी, परके, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर जेवायचे. म्हणजे दशांशातला मोठा वाटा गरिबाच्या ताटात जाणे अपेक्षित होते.

त्याच्या जोडीला शेताच्या कडा न कापण्याचा आणि खाली पडलेले धान्य न उचलण्याचा नियम होता. ते गरिबासाठी सोडायचे. वऱ्हाडात पीक निघाल्यावर सरवा वेचणारी बाई ज्याने पाहिली आहे, त्याला रूथची गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

दशांशाच्या उपदेशात सर्वाधिक वापरला जातो तो मलाखीचा तिसरा अध्याय. त्यातले दहावे वचन, म्हणजे दशांश भांडारात आणण्याची आज्ञा आणि आशीर्वादाचे अभिवचन, पुष्कळांना पाठ असते. त्याच अध्यायातले पाचवे वचन मात्र क्वचित वाचले जाते. मजुराची मजुरी अडवणारे आणि विधवा-अनाथांवर जुलूम करणारे यांना त्यात इशारा आहे. मजुरांचे चुकते न करता दशांश देणाऱ्याला हा अध्याय शाबासकी देत नाही.

नव्या करारात टक्का ठरवला आहे का?

दशांशाचा उल्लेख नव्या करारात आहे. पण ख्रिस्ती मंडळ्यांना दहा टक्के द्या, अशी थेट आज्ञा पौलाच्या पत्रांत सापडत नाही. करिंथच्या मंडळीला तो तीन गोष्टी सांगतो. आठवड्याच्या पहिल्या दिवशी, ज्याला जसे मिळाले असेल त्या मानाने, काही बाजूला ठेवावे. देणे मनात ठरवून, खुशीने असावे, दडपणाखाली नसावे. आणि ते आपल्याजवळ जे आहे त्यावरून मोजले जावे, जे नाही त्यावरून नव्हे.

म्हणूनच चर्चागणिक रीत वेगळी दिसते. अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या दहावा भाग हाच पाया मानतात. कॅथलिक चर्च आपल्या सभासदांवर चर्चच्या गरजांना हातभार लावण्याचे कर्तव्य घालते, पण ठरावीक टक्का सांगत नाही. दहा टक्के हे चांगले ध्येय आहे. पण ते प्रत्येक घराच्या श्रद्धेची परीक्षा म्हणून वापरणे पौलाच्या सांगण्याशी जुळत नाही.

पगारदार घराचे गणित

समजा, परतवाड्यात भाड्याने राहणारे एक कुटुंब आहे. नवरा आरा मशीनवर, बायको खासगी दवाखान्यात, दोघांचे मिळून महिन्याला २२,००० रुपये येतात. घरभाडे ४,०००, किराणा-भाजी-गॅस ७,०००, मुलांची शाळा आणि शिकवणी ३,०००, कर्जाची किस्त ३,२००, वीज-मोबाइल-प्रवास २,०००, गावाकडे आई-वडिलांना १,५००. बेरीज २०,७००. उरतात १,३००. दशांश होतो २,२००.

दरमहा ९०० रुपये कमी पडतात, वर्षाला १०,८००. हे कुठून येणार? एक तर नव्या कर्जातून, नाही तर आई-वडिलांच्या पैशातून, नाही तर दुखण्याखुपण्यासाठी काहीच न ठेवता. शेवटचा मार्ग वरवर श्रद्धेचा वाटतो. पण पहिल्याच आजारपणात तो कर्जाच्याच दारात नेऊन सोडतो.

या घरासाठी शहाणपणाचा रस्ता असा: पगार आला की सगळ्यांत आधी तीन टक्के, म्हणजे ६६० रुपये, बाजूला काढायचे. उरलेले ६४० बचतीत. वर्षात ७,६८० रुपये साठतील. किस्त संपली की मोकळ्या झालेल्या ३,२०० मधून १,१०० दानाकडे वळवायचे. दान १,७६० रुपयांवर, म्हणजे आठ टक्क्यांवर जाते. पुढच्या पगारवाढीला दहा टक्के गाठता येतात. उशीर झाला, पण कोणाच्या उसन्यावर नाही.

यावर एक रास्त आक्षेप आहे. सगळेच कर्ज फिटण्याची वाट पाहू लागले तर मंडळी चालणार कशी? परदेशी मिशनांची मदत ओसरल्यावर वऱ्हाडातल्या लहान मंडळ्यांत पाळकाचा पगार, विजेचे बिल आणि गळके छप्पर स्थानिक अर्पणावरच अवलंबून असते. शिवाय पुढे देऊ म्हणणारा हात पुढेही उघडत नाही. आक्षेप खरा आहे, म्हणूनच ६६० रुपये आधी काढायचे. रक्कम लहान असली तरी चालेल, पण तिचा क्रमांक पहिला असावा. महिनाअखेरी उरले तर देऊ, असे म्हणणाऱ्या घरात काही उरत नाही.

बागायतदाराचा दहावा भाग

पगारदाराला टक्का तरी काढता येतो. शेतकऱ्याची अडचण त्याच्या आधीची आहे: दहावा भाग काढायचा कशाचा?

समजा, संत्र्याचा बगीचा व्यापाऱ्याला १,८०,००० रुपयांत दिला. खत, फवारणी, मजुरी, पाणी आणि राखण यांचा खर्च १,०५,०००. हातात उरले ७५,०००. सौद्याच्या रकमेवर दशांश काढला तर १८,००० होतात, म्हणजे प्रत्यक्ष मिळकतीच्या २४ टक्के. उरलेल्यावर काढला तर ७,५००. नावाला दोन्ही दशांशच, पण एकात घर चालते आणि दुसऱ्यात पुढच्या बहाराचे खत उधारीवर येते.

पगारदाराने हातात येणाऱ्या पगारावर आणि शेतकऱ्याने लागवडीचा खर्च वजा करून हिशेब करावा, हेच न्याय्य आहे. खर्चाची रक्कम ही मिळकत नसते. ती मजुराची, खतवाल्याची आणि सोसायटीची असते. त्यांच्या पैशातून दान देता येत नाही.

तारखेचाही प्रश्न आहे. महाराष्ट्रात पीक कर्ज मुदतीत फेडणाऱ्याला डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाच्या योजनेतून व्याजाची सवलत मिळते. तारीख हुकली की ती जाते. डिसेंबरात मोठे अर्पण देऊन मार्चमध्ये सोसायटी थकवणाऱ्याला ते दान दुप्पट महाग पडते. आणि ज्या वर्षी गारपिटीने बगीचाच झोडपला, त्या वर्षी शून्याचा दशांश शून्यच असतो. त्यात लाजण्यासारखे काही नाही. त्या वर्षी मंडळीने त्या घरी धान्य पोहोचवणे हाही दशांशाचाच भाग आहे.

आधी कोणाचे देणे?

बायबलच यावर क्रम सुचवते. मार्कच्या सातव्या अध्यायात येशू अशा लोकांवर कोरडे ओढतो, जे आई-वडिलांना द्यायचा पैसा 'कुर्बान', म्हणजे देवाला वाहिलेला, म्हणून जाहीर करत आणि जबाबदारी झटकत. तीमथ्याला लिहिताना पौल घरच्यांची तरतूद न करणाऱ्याला विश्वास नाकारणारा ठरवतो. नीतिसूत्रे ऋणकोला धनकोचा दास म्हणते. तेव्हा मजुराची मजुरी, म्हातारे आई-वडील आणि ठरलेली किस्त ही देण्याला आलेली विघ्ने नाहीत. ती देण्याचीच पहिली पायरी आहे.

सूक्ष्म कर्जाबाबत रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमाप्रमाणे कुटुंबाच्या सगळ्या किस्ती मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त असू नयेत. पण ती देणाऱ्याने पाळायची मर्यादा आहे. घराने स्वतःची मर्यादा त्याच्या कितीतरी खाली ठेवावी. एक नियम तर बिनशर्त हवा: अर्पणासाठी कर्ज नाही. शेजारच्याच अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावात जन्मलेले गाडगेबाबा कीर्तनातून कर्ज काढून सण करू नका, असे आयुष्यभर सांगत राहिले. नाताळही त्याला अपवाद नाही.

टिळकांच्या घरातला धडा

रेव्हरंड नारायण वामन टिळक हे मराठी ख्रिस्ती दातृत्वाचे मोठे नाव. हातात आलेला पैसा त्यांच्या हातात टिकत नसे. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरीही सोडली. त्यांचे मोठेपण निर्विवाद आहे. पण लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला त्या दातृत्वाची दुसरी बाजूही दिसते. त्याची झळ चुलीपाशी बसलेल्या बाईला लागत होती. लक्ष्मीबाईही काही कमी देणाऱ्या नव्हत्या. अनाथ मुले त्यांनी घरात सांभाळली. फरक इतकाच, की घरात आज शिजणार काय, हे त्यांना ठाऊक असे.

आजही पुष्कळ घरांत अर्पणाचा आकडा पुरुष ठरवतो आणि तो भरून काढायला भाजी, औषध किंवा स्वतःची साडी बाई कमी करते. नवरा-बायकोने एकत्र बसून न ठरवलेले दान हे एकाचे पुण्य आणि दुसऱ्याचा उपास असते.

याउलट उदाहरण मिझोरामचे. तिथल्या ख्रिस्ती स्त्रियांनी १९१० पासून 'बुहफाई थाम' ही रीत रुजवली. प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ चर्चसाठी वेगळा काढायचा. निर्णय बाईचा आणि माप घरातल्या अन्नाचे, त्यामुळे गरीब घरही देऊ शकते. महाराष्ट्राला हे परके नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांची वसतिगृहेही मुष्टिफंडाच्या धान्यावर चालली.

घेणाऱ्याने काय पाळावे?

घराला शिस्त सांगणाऱ्या मंडळीने आपली वही उघडी ठेवली पाहिजे. पौल मोठी वर्गणी यरुशलेमला पाठवताना ती एकट्याने नेत नाही. कोणी बोट ठेवू नये म्हणून मंडळ्यांनी निवडलेले लोक सोबत घेतो. अर्पण दोघा-तिघांनी मिळून मोजावे, जमाखर्च दर तीन महिन्यांनी फळ्यावर लावावा, आणि महाराष्ट्रात सार्वजनिक न्यास म्हणून नोंद असेल तर लेखापरीक्षण वेळेत करावे.

देणगीदारांची नावे रकमेसह वाचून दाखवण्याची प्रथा मात्र बंदच व्हायला हवी. मंदिरात दोन लहान नाणी टाकणाऱ्या विधवेचे मोल मोठे ठरले, ते तिच्या रकमेमुळे नव्हे. यादी वाचली जाते तेव्हा तीच विधवा सर्वांत खाली जाते, आणि पुढच्या वर्षी ती उसने काढून वर येऊ पाहते. जितके द्याल त्याच्या शंभरपट मिळेल, असे सांगून पैसा मागणे तर दानाची लॉटरी करणे आहे. त्या लॉटरीचे तिकीट कर्जबाजारी माणूसच आधी घेतो.

करसवलतीबाबतही स्पष्टता हवी. केवळ धार्मिक कामासाठीच्या न्यासाला दिलेल्या अर्पणावर ८०जी म्हणून ओळखली जाणारी वजावट सहसा मिळत नाही. मान्यताप्राप्त धर्मादाय संस्थेला दिलेल्या देणगीवर मिळते, पण २,००० रुपयांवरील रोख देणगीवर नाही आणि नव्या करप्रणालीतही नाही.

दान फक्त चर्चच्या पेटीतच पडले पाहिजे असेही नाही. परतवाड्याजवळच्या कोठारा येथील कुष्ठरोग रुग्णालय याच भागातल्या ख्रिस्ती सेवेतून उभे राहिले. घरातून आणि समाजातून हाकललेल्यांना तिथे आसरा मिळाला. दर तिसऱ्या वर्षीचा दशांश ज्या गरजूंसाठी गावात ठेवायचा होता, ते गरजू आजही याच तालुक्यात आहेत.

मग वहीत काय लिहावे?

पहिल्या ओळीत दान, दोघांनी मिळून ठरवलेली रक्कम. दुसऱ्या ओळीत मजुरी, आई-वडील आणि किस्त. तिसरीत बचत, मग घरखर्च. दर वर्षी पहिल्या ओळीतला टक्का थोडा वाढवता येतो का, ते पाहायचे. बहार गेला तर तो खाली आणायचा आणि पाळकाला तसे मोकळेपणाने सांगायचे. पाळकाने ते ऐकून कपाळाला आठी न घालणे, हे त्याचे अर्पण.