वस्तीला सेवा नको, पाण्याचा रिपोर्ट हवा

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० लागू झाल्यापासून महाराष्ट्रातल्या बी.एस्सी.च्या मुलांनाही फील्ड प्रोजेक्ट आणि कम्युनिटी एंगेजमेंटचे क्रेडिट मिळवावे लागतात. म्हणजे केमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी शिकणारा विद्यार्थी प्रयोगशाळेतून बाहेर पडून आपल्या वस्तीत येणार. कल्पना चांगली आहे, तिला विरोध करण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच की तो येऊन करणार काय?

आजवरचा अनुभव असा की येतात, झाडू मारतात, बॅनर धरून फोटो काढतात, हात धुण्याचे महत्त्व सांगतात आणि बसमध्ये बसून परत जातात. मी ज्या वस्तीत काम करते तिथे दोन वर्षांपूर्वी एका कॉलेजची मुले आली. घरोघरी फॉर्म भरून घेतले. संडास आहे का, पाणी उकळून पिता का, घरात कुणी दारू पितं का. एका आजीने विचारले, "बाळा, नळाला सकाळी लाल पाणी येतं, ते कशानं?" मुलगा म्हणाला, तो प्रश्न फॉर्ममध्ये नाही. मुलगा केमिस्ट्रीचा होता! त्या फॉर्मांचे पुढे काय झाले ते वस्तीला आजतागायत कळलेले नाही. प्रोजेक्ट मात्र जमा झाला असणार आणि मार्कही मिळाले असणार.

यात त्या मुलाचा दोष थोडा आहे. खरा दोष 'सेवा' या कल्पनेत आहे. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात सुरू झाली आणि कॉलेजांच्या डोक्यात सेवेचे जे चित्र बसले ते बसले. बाबासाहेबांनी या चित्राचा निकाल त्याच्या कितीतरी आधी लावला होता. १४ नोव्हेंबर १९३२ रोजी त्यांनी ए. व्ही. ठक्कर यांना पत्र लिहिले. पुढे जो हरिजन सेवक संघ झाला त्या संस्थेने काय करावे, हा त्या पत्राचा विषय. दारूबंदी, व्यायामशाळा, वाचनालये असले कार्यक्रम माणसाच्या हलाखीचे कारण त्याच्या वागण्यात शोधतात, असे त्यांचे म्हणणे होते. कारण परिस्थितीत आहे असे मानले तर आधी विहिरीवर पाणी भरण्याचा आणि शाळेत बसण्याचा हक्क मिळवून द्यावा लागतो. आजीच्या घरात विचारलेला दारूचा प्रश्न आणि न घेतलेला पाण्याचा प्रश्न यांत हाच फरक आहे. ९० वर्षांनंतरही फॉर्म तोच आहे.

आता विज्ञानाकडे येऊ. गावात ग्रामपंचायत टाकीत टीसीएल पावडर टाकते आणि ओटी टेस्टने क्लोरीन आहे की नाही ते बघते. नळाच्या शेवटच्या टोकाला पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळे क्लोरीन असायला हवे. पाइपलाइनमध्ये पाणी जितके लांब जाते, जितका वेळ थांबते, तितके क्लोरीन कमी होत जाते. लाइन फुटकी असेल आणि गटारातून जात असेल तर विचारूच नका. आणि किती गावांत बौद्धवाडा आणि मातंगवस्ती या लाइनच्या शेवटाला आहे, हे मी तुम्हाला सांगायला नको. टाकीजवळच्या नळाचा नमुना घेतला तर गाव पास. शेवटच्या नळाचा घेतला तर? नमुना कुठून घ्यायचा हा प्रश्न शास्त्राचा आहे आणि जातीचाही आहे. महाडला पाणी 'शुद्ध' करायला पंचगव्य वापरणाऱ्या समाजाला बाटलीतला रंग दाखवून उत्तर देता येते, ही लहान गोष्ट नाही.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या फ्लिंट शहराची हकिकत आपल्या मुलांनी जरूर वाचावी. कृष्णवर्णीय बहुसंख्य असलेले, गरीब शहर. २०१४ मध्ये पैसे वाचवण्यासाठी शहराचे पाणी फ्लिंट नदीवरून घेतले गेले. पाइप गंजू नयेत म्हणून जो रासायनिक उपाय करायला हवा होता तो केला नाही आणि पाइपांतले शिसे पाण्यात उतरू लागले. अधिकारी म्हणत राहिले, पाणी ठीक आहे. तेव्हा व्हर्जिनिया टेक विद्यापीठातल्या प्राध्यापक आणि विद्यार्थ्यांनी नमुन्यांच्या बाटल्या पाठवल्या आणि रहिवाशांनी स्वतः अडीचशेहून अधिक घरांतले नमुने भरले. निकाल दडपले नाहीत, लगेच लोकांसमोर ठेवले. ऑक्टोबर २०१५ मध्ये शहराला जुन्या स्रोतावर परतावे लागले. तिथे प्रश्न वस्तीचा होता, हात वस्तीचे होते आणि यंत्र विद्यापीठाचे. याला म्हणतात कम्युनिटी एंगेजमेंट.

आणखी एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. हायड्रोजन सल्फाइड केमिस्ट्रीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असतो. सडक्या अंड्याचा वास, हवेपेक्षा जड, प्रमाण वाढले की नाकाला वासच येईनासा होतो. म्हणजे वास गेला याचा अर्थ धोका गेला असा नव्हे. हेच ज्ञान नसल्याने, आणि त्याहून अधिक म्हणजे ठेकेदाराने माणसालाच गटारात उतरवल्याने, आपली माणसे मरतात. २०१३ चा कायदा आहे. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातल्या मृत्यूची भरपाई ३० लाख केली. आणि आपली विज्ञान महाविद्यालये स्वच्छता पंधरवड्यात हातात झाडू घेऊन फोटो काढतात! झाडू आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या आहे. तुमच्याकडे गॅस डिटेक्टर असेल तर तो घेऊन या.

त्याच पत्रात बाबासाहेबांनी कामाची माणसे कोण असावीत हेही सांगितले होते. दलित वर्गातून आलेला कार्यकर्ता हे काम प्रेमापोटी करील, असा त्यांचा विश्वास होता. आज बी.एस्सी.च्या वर्गात आपली मुले-मुली बसलेली आहेत. त्यांना शेजारच्या कुठल्यातरी 'दत्तक' गावात पाठवण्यापेक्षा स्वतःच्या वाड्यावर प्रोजेक्ट का करू देऊ नये? काही प्राध्यापक म्हणतील, आपल्याच लोकांचा अभ्यास केला तर निष्पक्षता राहत नाही. मग टाकीजवळ राहणाऱ्याने टाकीजवळचा नमुना घेतला तेव्हा ही शंका कुणाला आली नव्हती, ती का?

तेव्हा विज्ञान शाखेत शिकणाऱ्या मित्र-मैत्रिणींनो, या सत्रात विभागप्रमुखांना लेखी अर्ज द्या. विषय: वस्तीतल्या पाण्याची तपासणी. त्यात तीन गोष्टी लिहून घ्या. टाकीजवळचा, मधला आणि शेवटचा असे तीन नमुने एकाच सकाळी घ्यायचे. बाटली भरताना वस्तीतला माणूस सोबत असायचा. आणि रिपोर्टची मराठी प्रत कॉलेजबरोबरच विहाराच्या फलकावर आणि पुढच्या ग्रामसभेच्या टेबलावर जायची. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा आणि तो कागद जपून ठेवा.

जय भीम!