काळी माती, केरोसीन आणि एक आकडा

"काळी माती आहे ना? मग दोन फूट मुरूम टाका, वर प्लिंथ बीम घ्या. झालं काम!" आपल्याकडे गावाबाहेरच्या प्लॉटवरच्या बंगल्याचा पाया असा ठरतो. फारच चौकस मालक असला तर सॉइल रिपोर्ट मागवतो, त्यातला 'फ्री स्वेल इंडेक्स' बघतो आणि मान डोलावतो. माझं भांडण आहे ते या मान डोलावण्याशी.

हा आकडा येतो कसा? आयएस २७२० च्या ४० व्या भागात कृती दिलीये. माती ओव्हनमध्ये वाळवायची, ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळायची. दोन मोजपात्रांत १०-१० ग्रॅम घालायची. एकात डिस्टिल्ड पाणी, दुसऱ्यात केरोसीन, कारण केरोसीनमध्ये ही माती फुगत नाही. २४ तासांनी दोन्हींतला फरक टक्क्यांत काढायचा. सोपं, स्वस्त.

पण जरा विचार करा राव! तीच माती मे महिन्यात आणा नाहीतर ऑगस्टमध्ये, ओव्हनमधून निघाली की दोन्ही सारख्याच. आकडा तोच. जमिनीत मात्र मे महिन्यातली भेगाळलेली माती पाणी पिऊन भरपूर फुगणार, आणि ऑगस्टमधली आधीच फुगून बसलेली. शिवाय माती किती घट्ट आहे, वर वजन किती आहे, ओल किती खोलपर्यंत बदलते, यातलं काहीच त्या भुकटीला ठाऊक नसतं.

म्हणजे हा आकडा मातीचा स्वभाव सांगतो, तुमच्या घराचं भविष्य नाही. त्यासाठी न विस्कटलेला नमुना काढून फुगण्याचा दाब मोजावा लागतो. त्याच आयएसचा ४१ वा भाग त्यासाठीच आहे. हा दाब दर चौरस मीटरला १० टनांच्या वर जाऊ शकतो. बैठ्या घराचं वजन त्यापुढे कमी पडलं, की माती घरालाच उचलते, तेही सगळीकडे सारखं नाही. म्हणून तर भिंतींना तिरक्या भेगा पडतात.

आणि तो मुरूम? काळ्या मातीतल्या खड्ड्यात भुसभुशीत मुरूम भरला, तर पावसाचं पाणी तिथेच साठतं. म्हणजे फुगायची सोय आपणच करून दिली!

फरशी आणि मॉड्युलर किचनवर लाखो रुपये घालवताना आपण दहा दुकानं फिरतो. मग इंजिनियरला एवढं तरी विचारा: नमुना कुठल्या महिन्यात काढला, किती खोलीवरून, आणि फुगण्याचा दाब किती आला? उत्तर नसेल तर पाया खणू देऊ नका.